संख्येचं कूळ विचारावं

प्रिय विद्यार्थ्यास,
सप्रेम आशीर्वाद.

४,२९,४९,६७,२९७ ही संख्या मूळ आहे की नाही, यासाठी तू केलेल्या भागाकारांची पानं पाहिली. शेवटचा अंक ७, म्हणून २ आणि ५ बाद. अंकांची बेरीज ५९, म्हणून ३ बाद. तिथून चिकाटीनं ३१३ पर्यंत आलास आणि कंटाळलास. आणखी ५१ मूळ संख्यांपर्यंत दम धरला असतास, तर विभाजक हाती लागला असता! पण नशीब आड आलं असतं तर? वर्गमूळ ६५,५३६ च्या किंचित पुढे आहे आणि तिथवर ६,५४२ मूळ संख्या आहेत.

ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ विचारू नये म्हणतात. संख्येला मात्र आधी तेच विचारावं. ही संख्या म्हणजे २ चा ३२वा घात अधिक १. ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ या तिच्या थोरल्या बहिणी, प्रत्येकीत २ चा घातांक आधीच्या दुप्पट. पाचही मूळ, त्यामुळे पुढच्याही मूळच असणार असं फ्रेंच गणिती फर्मा यानं १६४० साली पत्रातून लिहिलं. स्विस गणिती ऑयलरनं १७३२ मध्ये ही सहावी फोडली, म्हणजे तिचे विभाजक दाखवले.

समज, p हा तिचा मूळ विभाजक. p ने भागल्यावर २ च्या ३२व्या घाताची बाकी −१ (म्हणजे p−१) येते. म्हणून ६४व्या घाताची बाकी १, आणि त्याआधी ती कधीच १ येत नाही. (का, ते स्वतः पटवून घे, इथेच सगळी गंमत आहे.) पण फर्माच्याच प्रमेयानुसार २ च्या p−१ व्या घाताची बाकीही १ असते. म्हणजे p−१ ला ६४ ने भाग जायलाच हवा. अशा मूळ संख्या ओळीनं लिही: १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचव्या भागाकाराला बाकी शून्य, आणि भागाकार ६७,००,४१७. पुढे १८७८ मध्ये फ्रेंच गणिती लुकासनं ६४ च्या जागी १२८ चालतात हे दाखवलं. मग २५७ आणि ६४१ एवढ्याच उरतात. त्यात २५७ तर बहीणच, आणि या बहिणींना सामाईक विभाजक नसतो.

पुस्तकांत तुला एक देखणी सिद्धता भेटेल: ६४१ म्हणजे ५ × १२८ + १, आणि ६२५ + १६ सुद्धा, दोन्ही जोडले की दोन ओळींत काम फत्ते. तुझ्या वयाचा असताना मी तिच्यावर इतका भाळलो की ६४१ तिच्यातूनच सापडला असं बरीच वर्षं समजत होतो. ती सापडलेल्या गोष्टीची सिद्धता आहे. शोध वरच्या अटीनं लागतो.

आता ६७,००,४१७ मूळ आहे का, ते तपास. वर्गमूळ २,५८९ च्या आत आहे आणि १२८ ची अट तिच्या विभाजकांनाही लागू आहे. २५७ आधीच बाद, म्हणून चारच भागाकार पडतील. जास्त पडले, तर तेही कळव.