हाड मेलं तरी माणूस चालतो, खचतं ते नंतर

ताई, तुम्ही विचारलंय की भावाच्या डाव्या खुब्यात एव्हीएन (रक्त न पोचल्यामुळे हाड मरणं) स्टेज २ आलंय, तीन महिन्यांपूर्वीचा एक्सरे तर नॉर्मल होता, मग एवढ्यात हाड मेलं कसं, आणि मेलंय तर तो अजून जिने कसा चढतोय. मी या दुखण्यात नऊ वर्षं काढलीत, एक खुबा बदललेला, दुसरा अजून स्वतःचा, त्यामुळे जरा लांबलचक लिहितोय. डॉक्टर नाहीये मी, तेवढं लक्षात ठेवून वाचा.

पहिलं म्हणजे हाड या तीन महिन्यांत मेलेलं नाहीये, तो नॉर्मल एक्सरे काढला तेव्हाच बहुतेक मेलेलं असणार. रक्त पूर्ण थांबलं की मज्जेतल्या रक्त तयार करणाऱ्या पेशी ६ ते १२ तासांत जातात, खुद्द हाडाच्या पेशी १२ ते ४८ तासांत, आणि चरबीच्या पेशी जरा चिवट, त्या २ ते ५ दिवस तग धरतात. म्हणजे आठवडाभरात सगळं आटोपलेलं असतं आणि त्या आठवड्यात माणसाला बऱ्याचदा काही जाणवतही नाही. मला तर आजही सांगता येणार नाही माझं नेमकं कधी झालं ते.

आता मेलंय तरी चालतो कसा, तर हाडाचा भार पेशी उचलतच नाहीत, तो उचलतो कॅल्शियम आणि कोलॅजनचा सांगाडा. घरातली माणसं गेली म्हणून भिंती त्याच दिवशी पडत नाहीत ना, तसंच. एक्सरेत दिसतं ते कॅल्शियम, पेशी नाही, त्यामुळे एक्सरे बिचारा नॉर्मलच येणार. वरची कूर्चा, म्हणजे सांध्यात हाडावर असतो तो गुळगुळीत थर, तीसुद्धा जिवंत असते, कारण तिचं पोषण बरंचसं सांध्यातल्या पाण्यातून होतं, हाडातल्या रक्तावर ती फारशी अवलंबून नसते.

मग खचतं का? हे मला कळायला दोन वर्षं लागली आणि कुणी नीट समजावलंही नाही. खचतं ते मुख्यतः शरीर दुरुस्ती करायला घेतं म्हणून! मेलेल्या भागाच्या कडेला जिवंत हाड असतं, तिथून बारीक रक्तवाहिन्या हळूहळू आत शिरतात, त्यांच्याबरोबर हाड पोखरणाऱ्या आणि हाड बांधणाऱ्या अशा दोन्ही पेशी येतात. आतल्या जाळीदार हाडात बांधणाऱ्या जोरात असतात, त्या मेलेल्या काड्यांवरच नव्या हाडाचा थर चढवतात, म्हणून तो भाग एक्सरेत पांढरा दिसायला लागतो. तुमच्या रिपोर्टमध्ये स्क्लेरोसिस लिहिलंय ना, ते बहुतेक हेच. पांढरं दिसण्याचं अजून एक गमतीशीर कारण आहे, पाय कमी वापरला की आजूबाजूच्या जिवंत हाडातलं कॅल्शियम कमी होतं, पण मेलेल्या हाडातलं कमी होत नाही कारण ते काढून न्यायलाही रक्त लागतं, मग तुलनेत मेलेलंच जास्त ठणठणीत दिसतं. घोट्याजवळचं टॅलस नावाचं हाड मोडल्यावर ६ ते ८ आठवड्यांनी एक्सरेत कूर्चेखाली काळसर रेघ दिसली तर डॉक्टर खूश होतात ते यामुळेच, हाड विरळ होतंय म्हणजे रक्त पोचतंय.

पण कूर्चेच्या अगदी खालच्या पट्टीत आणि दुरुस्तीच्या सीमेवर हिशोब उलटा होतो. तिथे पोखरणं आधी आणि भराभर, बांधणं मागून आणि रेंगाळत. त्यात हा खुब्याचा बॉल, म्हणजे मांडीच्या हाडाचं वाटीत बसणारं गोल डोकं, साधं चालतानाही त्याच्यावर शरीराच्या वजनाच्या दुपटीहून जास्त भार येतो. आधीच बारीक चिरा पडलेल्या असतात, एरवी जिवंत हाड त्या रोजच्या रोज बुजवतं, इथे बुजवायला कोणीच नाही, त्या साठत जातात आणि एक दिवस कूर्चेच्या खाली हाड तुटतं. एक्सरेत चंद्रकोरीसारखी काळी रेघ दिसते, तिलाच क्रेसेंट साइन म्हणतात, ती दिसली की स्टेज ३. त्यानंतर बॉल चपटा होतो, आणि चपटा बॉल गोल वाटीत फिरला की वाटीही खराब होते, ती स्टेज ४.

माझा उजवा असाच गेला. खुर्चीतून उठलो, जांघेत कट्ट झालं, आणि त्या दिवसापासून मोजा घालायला पाय आत वळेना. त्याआधी पाच महिने मी गुडघ्याचा इलाज करत होतो बरं का, कारण खुब्याचं दुखणं मांडीतून गुडघ्यात उतरतं, माझ्या गुडघ्याचे दोन एक्सरे झाले आणि खुब्याकडे कुणी बघितलंच नाही. ऑपरेशननंतर सर्जननी काढलेल्या बॉलचा फोटो दाखवला, मधोमध कापलेला. वरच्या बाजूला पिवळट, खडूसारखी कोरडी पाचर, तिच्या कडेने लालसर पट्टा, आणि वरची कूर्चा चांगली पांढरी गुळगुळीत पण खालून सुटलेली, बोट लावलं तर टेबल टेनिसच्या पिचक्या बॉलसारखी आत जाईल अशी.

माझं कारण स्टिरॉइड, दुसऱ्या आजारासाठी बरेच महिने मोठा डोस होता. बॉलला मिळणारं रक्त मुख्यतः हाडाच्या मानेवरून वर चढणाऱ्या बारीक वाहिन्यांतून येतं, पर्यायी रस्ता जवळपास नाहीच, म्हणून मान मोडली किंवा खुबा निखळला की त्या तुटतात किंवा दबतात. स्टिरॉइड आणि दारूत असं मानतात की मज्जेतल्या चरबीच्या पेशी फुगतात, हाड म्हणजे बंद डबा, फुगायला जागा नाही, आतला दाब वाढतो आणि रक्त अडतं. सिकल सेल या रक्ताच्या आजारात वाकड्या पेशी अडकतात, खोल पाण्यातून पटकन वर येणाऱ्या पाणबुड्यांमध्ये नायट्रोजनचे बुडबुडे. भाऊ स्टिरॉइड घेत असेल तर घाबरून एकदम बंद करू नका हं, ते वेगळंच संकट होईल, लिहून देणाऱ्या डॉक्टरांना विचारा.

किती वेळ आहे याचं उत्तर स्टेजच्या आकड्यात नाहीये, मेलेला भाग केवढा आणि कुठे यात आहे. लहान आणि आतल्या बाजूला असेल तर कधीच खचत नाही असंही होतं, माझा डावा तसाच आहे, दर वर्षी बघतो, होता तसाच. मोठा आणि बाहेरच्या भार येणाऱ्या बाजूपर्यंत पसरलेला असेल तर काही महिने ते दोनेक वर्षं. एमआरआयच्या दोन बाजूंनी घेतलेल्या चित्रांवर मेलेल्या भागाचे कोन मोजून बेरीज करतात, २४० अंशांच्या वर गेली तर खचण्याची शक्यता बरीच जास्त धरतात. हा आकडा रिपोर्टमध्ये सहसा नसतो, मागून घ्यावा लागतो. बारीक चीर पडली आहे का हे सीटी स्कॅनमध्ये जास्त स्पष्ट कळतं, तेही विचारा, कारण भोक पाडून आतला दाब कमी करायचं जे ऑपरेशन आहे, कोअर डीकम्प्रेशन, त्याचा फायदा खचायच्या आधीच, नंतर फारसा नाही. मी ठरवण्यात चार महिने घालवले आणि तेवढ्यात उजवा गेला.

कुबड्यांनी दुखणं कमी होतं, मोठा भाग असेल तर नुसत्या त्यांनी खचणं थांबत नाही. कॅल्शियमच्या गोळ्यांनी मेलेला भाग जिवंत होत नाही, तिथे कॅल्शियम कमी पडलेलंच नाही, रस्ता बंद आहे. तेल आणि मालिशबद्दल मला कृपया कोणी पाठवू नका, सगळं करून झालंय.

आणि उजव्या खुब्याबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीत. मार न लागता झालं असेल तर निम्म्याहून जास्त लोकांत दुसऱ्या बाजूलाही असतं, न दुखता. एमआरआयमध्ये शक्यतो दोन्ही खुबे घेतात, रिपोर्टचा खालचा परिच्छेद बघा आणि काय लिहिलंय ते इथे टाका.