वाचक विचारतात : नुसत्या भीतीने युद्ध कसं झालं?

प्रश्न : स्पर्धा परीक्षेच्या नोट्समध्ये ‘साम्यवादाच्या भीतीने अमेरिका व्हिएतनाममध्ये उतरली’ एवढंच आहे. व्हिएतनामने तर अमेरिकेवर हल्ला केला नव्हता. मग?
— एक विद्यार्थिनी, विटा

उत्तर : आधी पैसा गेला, मग सल्लागार, सैन्य शेवटी. १९४९ मध्ये चीन माओंकडे गेला, जून १९५० मध्ये कोरियात युद्ध पेटलं. ‘चीन कोणी घालवला?’ या आरोपाने अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष ट्रूमन यांचा पक्ष हैराण झाला. व्हिएतनाममधली फ्रेंचांची लढाई खरं तर वसाहत राखण्याची. पण आता ती साम्यवादाविरुद्धची ठरली आणि १९५४ पर्यंत तिच्या खर्चाचा मोठा वाटा अमेरिका उचलू लागली. त्याच वर्षी ७ एप्रिलला ट्रूमन यांच्यानंतरचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी डॉमिनोच्या सोंगट्यांचं उदाहरण दिलं : पहिली पडली की सगळी रांग पडणार. बरोबर महिन्याने व्हिएतनाममधला फ्रेंचांचा दिएन बिएन फू हा तळ पडला.

फ्रेंचांची लढाई थांबवणाऱ्या १९५४ च्या जिनिव्हा कराराने व्हिएतनामचे तात्पुरते उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग केले. त्यानुसार जुलै १९५६ मध्ये देशभर निवडणूक व्हायची होती. उत्तरेचे साम्यवादी नेते हो ची मिन्ह जिंकतील म्हणून दक्षिणेचे सत्ताधारी दिएम यांनी ती टाळली. अमेरिकेने त्यांना साथ दिली. माझ्या मते खरी चूक इथे झाली. अमेरिकेला साम्यवादी हो ची मिन्ह दिसले, स्वातंत्र्यासाठी लढणारे हो ची मिन्ह दिसलेच नाहीत. प्रतिसरकारचे क्रांतिसिंह नाना पाटील १९५७ मध्ये साताऱ्यातून कम्युनिस्ट पक्षातर्फे खासदार झाले. त्यांना मॉस्कोचा माणूस म्हणणं आपल्या भागात कुणाला पटलं असतं?

पुढचा क्रम तारखांसह पाठ करा. २ ऑगस्ट १९६४ ला टोंकिनच्या आखातात अमेरिकी युद्धनौकेवर उत्तर व्हिएतनामचा हल्ला झाला. ४ तारखेचा म्हणून सांगितलेला दुसरा हल्ला मात्र झालाच नव्हता. तरी ७ ऑगस्टला अध्यक्षांना लष्करी कारवाईची मुभा देणारा ठराव अमेरिकी संसदेत मंजूर झाला : प्रतिनिधिगृहात ४१६ विरुद्ध ०, सिनेटमध्ये ८८ विरुद्ध २. युद्धाची रीतसर घोषणा कधीच झाली नाही. परीक्षेत इथे अनेक जण चुकतात. ८ मार्च १९६५ ला दक्षिण व्हिएतनाममधल्या दानांगचा विमानतळ राखायला सुमारे ३,५०० अमेरिकी मरीन सैनिक उतरले. तळ राखायचा तर भोवतालचा मुलूखही राखावा लागतो, त्याला आणखी माणसं लागतात. १९६९ मध्ये ही संख्या ५ लाख ४० हजारांवर गेली. ५८ हजारांहून अधिक अमेरिकी सैनिक मेले. व्हिएतनामी माणसं कित्येक लाख.

प्रश्न : मग सोंगट्या पडल्या का?
— एक वाचक, कराड

उत्तर : १९७५ मध्ये दक्षिण व्हिएतनामबरोबर कंबोडिया आणि लाओस साम्यवादी झाले. थायलंड, मलेशिया, इंडोनेशिया झाले नाहीत. आणि फेब्रुवारी १९७९ मध्ये साम्यवादी चीननेच साम्यवादी व्हिएतनामवर स्वारी केली.