हायस्पीड रेल्वेचं स्टेशन दोन वस्त्यांना जोडणारं कसं करावं?

तुम्ही आर्किटेक्चर शिकता आहात आणि विचारलंय की, हायस्पीड स्टेशन आजूबाजूच्या वस्त्यांना जोडणारं व्हावं म्हणून डिझाइनची सुरुवात कुठून करावी, आणि रूळ जमिनीवर ठेवावेत, वर न्यावेत की खाली.

छताचा आकार तूर्त बाजूला ठेवा. मी वाहतूक नियोजनात काम करतो. स्टेशनचा आराखडा समोर आला की मी आधी मागचं दार शोधतो, आणि बऱ्याचदा ते सापडतच नाही. पुढे भव्य चौक, काचेचा दर्शनी भाग. मागे कुंपण, जनरेटर आणि कर्मचाऱ्यांचं पार्किंग.

16 डब्यांची शिंकान्सेन, म्हणजे जपानची बुलेट ट्रेन, साधारण 400 मीटर लांब असते; जोडून धावणाऱ्या दोन टीजीव्ही, म्हणजे फ्रान्सच्या हायस्पीड गाड्याही तेवढ्याच. प्लॅटफॉर्म त्याहून थोडा लांब लागतो, आणि दोन्ही टोकांना गाड्या रूळ बदलतात त्या सांध्यांना आणखी जागा. म्हणजे वस्तीच्या मधोमध अर्ध्या किलोमीटरहून लांब भिंत उभी राहते. तिला वळसा घालणाऱ्यांपैकी बहुतेक जण त्या गाडीत कधी बसणारही नाहीत. म्हणून माझी कसोटी साधी आहे: तिकीट नसलेला माणूस रात्री अकरा वाजता सायकल घेऊन इकडून तिकडे जाऊ शकतो का?

जपानमध्ये अशा वाटेला 'जियू त्सूरो' म्हणजे मुक्त वाट म्हणतात. क्योतो स्टेशनात उत्तर आणि दक्षिण बाजू जोडणारी अशी वाट आहे, तिथे तिकीट लागत नाही. अॅमस्टरडॅमचं मुख्य स्टेशन जुनं शहर आणि पाणी यांच्यामध्ये आडवं पसरलंय. तिथे 2015 मध्ये रुळांखालून फक्त पादचारी आणि सायकलींसाठी सुमारे 110 मीटरचा बोगदा खुला झाला. तो चोवीस तास उघडा असतो आणि त्याच्या भिंतीवर टाइल्सचं सुंदर जहाजचित्र आहे. रोटरडॅमच्या 2014 च्या स्टेशनाला दोन वेगळे चेहरे आहेत. शहराच्या बाजूला मोठं, झेपावणारं छत. मागच्या जुन्या वस्तीच्या बाजूला मुद्दाम बुटकं, शांत प्रवेशद्वार. मला ते मागचंच जास्त आवडतं.

यातला सगळ्यात मोठा घोळ तिकीट गेटचा. रुंद मार्गिका काढली, चित्रात माणसं इकडून तिकडे चालताना दाखवली, आणि शेवटी दोन्ही तोंडांना गेट लावली की ती वाट फक्त प्रवाशांची उरते. तेव्हा गेटची रेषा पहिल्याच स्केचमध्ये आखा.

आता जागेबद्दल. ताशी 300 किमी वेगाला वळणाची त्रिज्या चार किलोमीटरच्या आसपास लागते, त्यामुळे नवी लाइन दाट शहरात शिरवणं अवघड. फ्रान्सने ही अडचण जुन्या रुळांनी सोडवली: टीजीव्ही नव्या लाइनवरून पळते आणि शहराजवळ वेग कमी करून जुन्या रुळांवरून मूळ स्टेशनात येते. जपानचे जुने रूळ 1067 मिमी रुंदीचे आणि शिंकान्सेनचे 1435, म्हणून ही सोय नव्हती. मग काही ठिकाणी शहराबाहेर 'शिन' म्हणजे 'नवी' स्टेशनं बांधावी लागली. शिन-योकोहामा 1964 मध्ये शेतांत उभं राहिलं, पण जुनी योकोहामा लाइन जिथे नव्या लाइनला छेदते नेमकं तिथे. 1985 मध्ये मेट्रो आली, 2023 मध्ये आणखी एक लाइन. आज तिथे गजबजलेलं उपनगर आहे.

याउलट फ्रान्समधलं ओत-पिकार्दी, 1994 चं. आम्यां आणि सां-कांतां या दोन शहरांच्या मधे, शेतात. लोकांनी त्याला 'बीटाचं स्टेशन' असं नाव ठेवलं. तिथे स्थानिक रेल्वेच नव्हती, त्यामुळे गाडीतून उतरून कारने किंवा बसने जायचं. आव्हिन्योंचं शहराबाहेरचं टीजीव्ही स्टेशन 2001 मध्ये सुरू झालं आणि जुन्या स्टेशनाशी रेल्वेने जोडायला 2013 उजाडलं. बारा वर्षांत लोकांना कारची सवय लागते, ती नंतर सुटत नाही. लीलचे महापौर पिएर मोरवा मात्र लाइन शहरातूनच जावी म्हणून अडून बसले, आणि आज लीलची दोन्ही मोठी स्टेशनं एकमेकांपासून पायी अंतरावर आहेत.

वर की खाली? दाट शहरात पैसा असेल तर खाली. बेल्जियममधल्या अँटवर्पने स्टेशनाची 1905 ची देखणी इमारत तशीच ठेवून 2007 मध्ये तिच्या पोटातून आरपार बोगदा नेला. आता तिथे रूळ तीन मजल्यांवर आहेत. पैसा नसेल तर वर न्या, पण पुलाखालच्या जागेचं काय करायचं ते खांबांचं अंतर ठरायच्या आधी ठरवा, नाहीतर तिथे पार्किंग आणि जाळी येणार हे नक्की. जमिनीवर ठेवणं मी शक्यतो टाळेन.

आणि एक काम या आठवड्यातच करा. शाळा भरायच्या वेळेला साइटवर जाऊन उभे राहा. तिथे आत्ताच एखादी लाइन किंवा मोठा रस्ता असेल तर लोक तो कुठून ओलांडतात ते मोजा. मळलेल्या पायवाटा असतील, कुंपण कुठेतरी वाकवलेलं असेल. ती ठिकाणं नकाशावर मांडा आणि मार्गिका कुठे काढायची ते त्यावरून ठरवा.