कामं भरपूर, वहीत नफा, मग खात्यात पैसे का नाहीत?

तुझं पत्र दोनदा वाचलं. तू आणि तुझी मैत्रीण शिकता शिकता दीड वर्ष लोगो, पॅकेजिंग, पुस्तकांची कव्हरं अशी कामं करताय, वहीत नफा दिसतो तरी महिनाअखेरीला प्रिंटिंगवाल्याचे पैसे द्यायला खातं रिकामं असतं, आणि आई म्हणतेय हे सोड, नोकरी बघ. तू विचारतेस, आपल्यात धंद्याची अक्कलच नाही का? असं अजिबात नाही गं. नफा वेगळा आणि हातातली कॅश वेगळी हे तुम्हाला कुणी सांगितलंच नाही, आणि चांगली चांगली मुलं एवढ्यापायी काम सोडून देतात याचं मला खरंच वाईट वाटतं.

तू लिहिलेलं पॅकेजिंगचं कामच घेऊ. बिल 100 धर. त्यातले 55 प्रिंटिंग, फोटोग्राफर, फॉन्टचं लायसन्स यात पहिल्याच महिन्यात रोख गेले आणि क्लायंटने पैसे दिले तिसऱ्या महिन्यात. वहीत नफा 45, पण तोपर्यंत खात्यात उणे 55. दुसऱ्या महिन्यात तसंच अजून एक काम घेतलंत की उणे 110, म्हणजे जितकी कामं जास्त तितका खड्डा मोठा, आणि तुम्हाला वाटतंय की अजून कामं घेतली की सगळं सुरळीत होईल. आता याच कामाला 50 अ‍ॅडव्हान्स घेतला असतात तर खड्डा फक्त 5 चा. काम तेच, बिल तेच.

अ‍ॅडव्हान्स मागायला कसंतरी होतं असं लिहिलंयस. भीड भिकेची बहीण, हे लक्षात ठेव. तोंडाने मागायला जड जातं ना, मग कोटेशनमध्येच छापून टाक: अर्धे सुरुवातीला, 25 टक्के डिझाइन पास झाल्यावर, उरलेले ओपन फाइल, म्हणजे बदल करता येतात ती मूळ फाइल, हातात देण्याआधी. दोन वेळा करेक्शन यातच, तिसऱ्यापासून वेगळा चार्ज. ज्याला हे चालत नाही तो पुढे पैशालाही छळतो, हे मी बऱ्याच मुलांच्या बाबतीत पाहिलंय.

आता एक गोष्ट पत्रात कुठेच दिसली नाही, तुमचा दोघींचा पगार. तो 45 नफा नाहीच मुळी! समजा त्या कामात तुमच्या दोघींच्या वेळेचे 25 होतात, तर खरा नफा 20. त्यात क्लायंट म्हणाला 10 टक्के कमी करा ना, आणि तू हो म्हणालीस, की उरले 10, म्हणजे अर्धा नफा गेला आणि तेवढेच पैसे कमवायला आता दुप्पट कामं. डिस्काउंट द्यायचाच असेल तर कामही कमी कर, तीनऐवजी दोन ऑप्शन दे. आणि तासाचा रेट काढताना महिन्याला हवे असलेले पैसे कामाच्या सगळ्या 160 तासांनी भागू नकोस, कारण फोन, मेल, कोटेशन, पैशासाठी मागे लागणं यात किती वेळ जातो ते एक महिना लिहून काढ, बिलात लावता येणारे तास 90 च भरले तर 90 नेच भागायचं.

अजून एक, पुढच्या 12 आठवड्यांचा तक्ता कर. प्रत्येक आठवड्यात काय येणार, काय जाणार, शिल्लक किती. येणाऱ्या पैशाला बिलाची तारीख लिहू नकोस, तो क्लायंट खरंच पैसे कधी देतो ती लिही. नवव्या आठवड्यात शिल्लक उणे दिसली तर आज फोन करता येतो, नवव्या आठवड्यात कळून काही उपयोग नाही. धंद्याचं खातं घरच्यापासून वेगळं काढ, आणि पैसे आले की टॅक्सचे लगेच बाजूला.

आईचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. तीन महिन्यांचा ठरलेला खर्च बाजूला पडेपर्यंत अर्धवेळ नोकरी केलीस तर त्यात काही कमीपणा नाही. पण ठरवण्याआधी मागची पाच कामं पगार धरून पुन्हा मांड आणि ते पान आईसमोर ठेव, मग दोघी मिळून बघा. मलाही पाठव, कुठल्या कामात नफा होता आणि कुठल्यात नव्हता ते आपण एकेक करून बघू.