सासूबाई, लव्हेंडर आणि १६६ नंबरची बस

प्रश्न : जुलैत सासू-सासरे पुण्याहून आमच्याकडे दक्षिण लंडनमध्ये, क्रॉयडनला येताहेत. त्यांना जवळच्या बॅन्स्टेडचं मेफिल्ड लव्हेंडर फार्म दाखवावं म्हणते. पण सासूबाईंचे गुडघे दुखतात, सहा वर्षांचा लेक मधमाशी दिसली की किंचाळतो आणि नवरा म्हणतो, "एका रंगाचं शेत काय बघायचं?" जावं का? आणि केव्हा?
– एक वाचक, क्रॉयडन

उत्तर : जा की! फक्त शनिवार-रविवार टाळा. नवऱ्याला रजा मिळत नसेल तर त्याच्यावाचून जा, वेस्ट क्रॉयडनहून १६६ नंबरची बस शेताजवळच थांबते. मात्र निघण्याआधी बसचं वेळापत्रक बघा, आणि शेताचं तिकीट ऑनलाइन काढून ठेवा.

जुलैचा मध्य उत्तम. इंग्लिश लव्हेंडर जूनमध्येच फुलू लागतं, संकरित जाती जरा मागून येतात, त्यामुळे त्या सुमारास दोन्ही बघायला मिळतात. ऊन-पावसाप्रमाणे थोडं मागेपुढे होतंच. ऑगस्ट सरता सरता गेलात तर कापणी झालेली असेल आणि नवरा म्हणेल, "बघ, सांगत होतो."

सासूबाईंना चपला नकोत, बूट घालायला लावा. ओळींमधली वाट गवताची आहे, सपाट फरशी नव्हे. पंचवीस एकर पालथे घालायची काही गरज नाही. एका ओळीशी उभं राहून फुलाचा तुरा बोटांत चोळायला सांगा. वास पाकळीपेक्षा तिच्याखालच्या इवल्याशा निमुळत्या पेल्यात असतो, तेलाच्या ग्रंथी तिथेच असतात. म्हणून तर पाकळ्या वाळून गळाल्या तरी जुडी घमघमत राहते. जोतिबाला दवणा वाहिलेल्या हातांना हे वेगळं सांगावं लागणार नाही.

लेकाला आधीच समजावून ठेवा : मधमाश्या तिथे असणारच, हजारोंनी. पण त्या आपल्या कामात असतात. चिरडली, दाबली गेली तरच डसते. ओळीत घुसायचं नाही, अनवाणी फिरायचं नाही आणि फोटोसाठी फुलांवर बसायचं तर मुळीच नाही. हे शेवटचं मोठ्यांनाही सांगा. साडी नेसून येणाऱ्या मंडळींनी झुडपं आडवी केलेली मी पाहिलीत आणि मला लाज वाटलीय. (साडी जरूर नेसा, पण जांभळी नको, फोटोत दिसणारच नाही. पिवळी उठून दिसते.) शेतातल्या लाल टेलिफोन बूथपाशी रांग असते. सासऱ्यांना हौस असेल तर आल्या आल्या तिथेच जा.

आणि सासऱ्यांना एक सांगा : हे शेत म्हणजे नुसता आपल्यासाठी मांडलेला देखावा नाही, या भागात लव्हेंडरची जुनी परंपरा आहे. एकोणिसाव्या शतकात जवळच्या मिचम-कार्शल्टन-वॉलिंग्टन पट्ट्यात लव्हेंडर पिकायचं, तेल काढायचे कारखाने होते. लंडन पसरलं आणि त्या शेतांवर घरं उभी राहिली. आज त्यातल्याच एखाद्या घरात तुमची मैत्रीण राहत असेल.

लव्हेंडर आइस्क्रीम एकच घ्या, चौघांत. आमच्याकडे निम्म्या लोकांना ते साबणासारखं लागतं.