अथेना दिसली म्हणजे नाणे मिनँडरचेच, असे नाही

आपल्या चांदीच्या नाण्याचे वजन २.३ ग्रॅम आहे, पुढे राजाचे मस्तक व मागे वज्र फेकणारी ग्रीक देवता अथेना आहे, आणि विक्रेत्याने ते ‘मिनँडरचे दुर्मीळ नाणे’ म्हणून दिले, असे आपण लिहिले आहे. छायाचित्रावरून मला ते मिनँडरचे, म्हणजे मिलिंद या नावानेही ओळखल्या जाणाऱ्या राजाचे, वाटत नाही. शिवाय इंडो-ग्रीक (भारताच्या वायव्येस राज्य केलेल्या ग्रीक वंशाच्या) राजांपैकी सर्वांत मुबलक नाणी मिनँडरचीच मिळतात. अथेनेचे मस्तक आणि घुबड असलेला त्याचा ड्रॅक्म (चांदीचे ग्रीक नाणे) मात्र खरोखर दुर्मीळ आहे.

वजन इंडो-ग्रीक ड्रॅक्मला साजेसे आहे, कारण हिंदुकुशाच्या दक्षिणेस हे राजे सुमारे २.४५ ग्रॅमचा ड्रॅक्म पाडत, तर हिंदुकुशाच्या उत्तरेकडील बॅक्ट्रियातील अ‍ॅटिक (अथेन्सच्या) मापाचा ड्रॅक्म चार ग्रॅमच्या वर भरे. मात्र राजा कोणता, हे वजन सांगत नाही आणि अथेनाही सांगत नाही, कारण मिनँडरची ही छाप स्ट्रॅटो, दुसरा अपोलोडोटस, दुसरा झोईलस अशा अनेक राजांनी पुढे चालवली.

आपल्या नाण्यावर ग्रीक लेखातील ‘बासिलेओस सोतेरोस’ (त्राता राजाचे) एवढेच उरले असून नाव चकतीबाहेर गेले आहे, आणि ‘सोतेर’ म्हणजे त्राता हे बिरुद अनेकांनी घेतले होते. अशा वेळी मागचा खरोष्ठी लिपीतील लेख वाचावा, उजवीकडून डावीकडे. कडेने ‘महरजस त्रतरस’ (त्राता महाराजाचे) आणि अथेनेच्या पायांखाली राजाचे नाव असते. ‘मेनंद्रस’ असते, तर आरंभी उघड्या वाटीसारखा ‘म’ दिसला असता. येथे तो नाही, आणि शेवटची ‘इलस’ ही अक्षरे स्पष्ट आहेत. म्हणून मी ‘झोइलस’, म्हणजे झोईलसाचे, असे वाचतो. पहिल्या झोईलसाचे बिरुद ‘ध्रमिकस’ (धार्मिक) असून त्याच्या नाण्यांवर ग्रीक वीर हेराक्लीस येतो, तेव्हा हा इ.स.पू. पहिल्या शतकाच्या मध्यास पूर्व पंजाबात राज्य करणारा दुसरा झोईलस असावा.

या उत्तरकाळातील साच्यांचे कोरीवकाम ओबडधोबड असते, त्यामुळे केवळ चेहरा बेढब आहे म्हणून नाणे बनावट ठरवू नये. त्याऐवजी कडेवर ओतकामाची शीव आणि पृष्ठभागावर बुडबुड्यांचे बारीक खड्डे आहेत का, हे भिंगातून पाहावे. तिरप्या उजेडात कडेचे आणि अथेनेच्या बाजूच्या मोनोग्रामचे (एकत्र गुंफलेल्या अक्षरांच्या चिन्हाचे) छायाचित्र पाठवावे, आणि तोवर नाणे कशानेही घासू नये.