घरमालक छताची गळती दुरुस्त करत नसेल तर काय करावं?

फोनवर सांगत बसू नका, लेखी कळवा. ओलीच्या डागाभोवती पेन्सिलने रेघ मारा, बाजूला तारीख लिहा आणि मोजपट्टी धरून फोटो काढा. पुढे डाग रेघेबाहेर गेला की गळती चालूच असल्याचा पुरावा हातात येतो. पत्रात गळतीची जागा, कधीपासून आहे, काय खराब होतंय हे लिहा. प्लंबरने कधी यावं तेही लिहा, कारण 'भाडेकरू घरी नसतो' ही सबब नेहमीची. मुदत तारखेनिशी द्या. ओल विजेच्या बोर्डापर्यंत पोचली असेल तर मुदतबिदत नाही: कोरड्या हाताने मेन स्विच बंद करून लगेच कळवा. भाडं मात्र परस्पर थांबवू नका, थकबाकीमुळे तुमचीच बाजू लंगडी पडू शकते. खर्च भाड्यातून वळता करायचा असेल तर आधी लेखी होकार घ्या.